आईबाबा विसरू लागलेत? डॉक्टरांकडे जाण्याआधी एवढं करा

चष्मा सापडत नाही, ओळखीचं नाव ओठांवर येऊन अडतं आणि तासाभराने आपसूक आठवतं. साठी-सत्तरीनंतर हे चालायचंच. काळजीची गोष्ट वेगळी असते. आयुष्यभर कटाची आमटी करणारी आई मसाला हातात घेऊन थांबते, पुढे काय करायचं ते तिला सुचत नाही. "गॅसवाला येऊन गेला का?" हे पंधरा मिनिटांत चौथ्यांदा विचारते, आणि आधी विचारल्याचं सांगूनही तिला आठवत नाही. बाबा रोजच्या वाटेवर गल्ली चुकतात. अशा वेळी "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका. विसरण्याची काही कारणं उपचारांनी सुधारतात.

आधी एक वही घाला आणि दोन आठवडे लिहा: तारीख, वेळ, नेमकं काय घडलं, आठवण करून दिल्यावर आठवलं का, आदल्या रात्री झोप कशी होती. "हल्ली फार विसरतात" या वाक्याचा डॉक्टरांना काही उपयोग नाही. "मंगळवारी ८ वाजता बीपीची गोळी घेतली, ९ वाजता पुन्हा घ्यायला गेले" असं लिहा. हे सगळं अचानक सुरू झालं की हळूहळू, आणि गेल्या तीन महिन्यांत कुठे पडले होते का, तेही लिहा. डोक्याला लागलेला मार किरकोळ वाटला तरी कवटीच्या आत सावकाश रक्त साठू शकतं आणि लक्षणं काही आठवड्यांनी दिसतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर हा धोका जास्त.

मग घरातली सगळी औषधं एका पिशवीत भरा. चिठ्ठीवरची, मेडिकलमधून परस्पर आणलेली, काढे-चूर्णंसुद्धा. इथेच बऱ्याचदा धागा सापडतो. सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन, झोपेसाठी किंवा दुखण्यासाठी दिलेलं ॲमिट्रिप्टिलीन, वारंवार लघवीसाठीचं ऑक्सिब्युटिनिन ही औषधं ॲसिटिलकोलीनचं काम अडवतात, आणि स्मरणाला तेच रसायन लागतं. झोपेसाठी किंवा घबराटीसाठी दिलेल्या अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या गोळ्यांनीही विसर आणि गुंगी येते. पण यातलं काहीही स्वतःहून बंद करू नका. अशी बरीच दिवस चालू असलेली झोपेची गोळी एकदम थांबवली तर फिट येऊ शकते. ती डॉक्टरच टप्प्याटप्प्याने कमी करतात.

मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीची पॅन्टोप्राझोल वर्षानुवर्षं चालू असेल तर बी१२ हे जीवनसत्त्व कमी होऊ शकतं. घर शाकाहारी असेल तर शक्यता आणखी वाढते. हिमोग्लोबिन ठीक आलं म्हणून बी१२ची तपासणी टाळू नका. रक्त चांगलं दिसत असतानाही बी१२ची कमतरता मज्जातंतूंना इजा करत असू शकते. बी१२सोबत टीएसएच (थायरॉइडसाठी), सोडियम, साखर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), कॅल्शियम आणि सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) डॉक्टर साधारणपणे सांगतातच. गरजेप्रमाणे मेंदूचा सीटी किंवा एमआरआय.

कान तपासायला विसरू नका. जे नीट ऐकूच आलं नाही ते लक्षात कुठून राहणार? नुसता मळ साचलेला असेल तर तो ईएनटीकडे (कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे) काढून घ्या, घरी काडी घालू नका. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राला उशीर करू नका. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञ आयोगाच्या २०२४च्या अहवालात स्मृतिभ्रंशाचे (डिमेन्शियाचे) आटोक्यात आणता येण्यासारखे १४ धोके दिले आहेत; बहिरेपणा, वाढलेला रक्तदाब, मधुमेह आणि एकटेपणा हे त्यातले.

आईवडिलांची परीक्षा मात्र घेऊ नका. "सांग बरं, काल कोण आलं होतं?" असं चारचौघांत विचारलं की माणूस दुखावतो, आणि पुढे चुका लपवायला लागतो. "आई, पायाला मुंग्या येतात ना, त्यासाठी रक्त तपासून घेऊ" असं म्हणा. स्मरण तपासताना कागदावर घड्याळाचं चित्र काढून त्यात ११ वाजून १० मिनिटं दाखवायला दवाखान्यात सांगू शकतात. त्याचा सराव घरी करून घेऊ नका, नाहीतर निकाल फसवा येतो.

एका बाबतीत दोन आठवडे थांबायचं नाही. काही तासांत किंवा दिवसभरात अचानक बडबड, भास, दिवसरात्रीचा गोंधळ सुरू झाला किंवा माणूस एकदम सुस्तावला, तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या. लघवीचा जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, घसरलेलं सोडियम अशी कारणं त्यामागे असतात. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला किंवा बोलणं अडखळलं तर तो पक्षाघात असू शकतो; रुग्णालयात न्यायला एक मिनिटही वाया घालवू नका.

उपचार सुरू झाल्यावरही वही बंद करू नका. तीन महिन्यांनी दाखवायला जाताना पहिल्या आठवड्याचं आणि ताजं पान शेजारी ठेवलं की औषध लागू पडतंय का, हे डॉक्टरांना लगेच दिसतं.