फोनवरचं बोलणं ‘बरंय’पाशी अडू नये म्हणून

सोलापूरच्या आत्याला मी दर रविवारी फोन करते. कित्येक महिने आमचं बोलणं दोन मिनिटांत आटपायचं. ‘जेवलीस का?’ ‘हो.’ ‘तब्येत?’ ‘बरी आहे.’ ‘पाऊस?’ ‘नाही अजून.’ मग दोघीही गप्प. माया होती, पण मी नुसती चौकशी करत होते. स्वतःचं काही सांगतच नव्हते. ते बदललं आणि गप्पा रंगायला लागल्या.

१. फोन लावण्याआधी आजचा एक बारीकसा प्रसंग मनात धरा. मोठी बातमी लागत नाही. बढतीची बातमी सांगितली की समोरून ‘छान झालं’ येतं आणि विषय संपतो. काहीतरी बिघडलेलं, फसलेलं सांगा; त्यावर थोरांकडे हमखास बोलायला असतं.

२. थेट प्रसंगात शिरा. ‘आज काय झालं माहितीये का’ अशी प्रस्तावना नको. मी म्हटलं, “आत्या, परातीतून भाकरी उचलली आणि हातातच तिचे दोन तुकडे झाले बघ.”

३. इथेच थांबा. हे सगळ्यात अवघड आहे. ‘मग पोळ्याच केल्या’ असं मी पुढे म्हटलं असतं तर गोष्ट माझ्यापाशीच संपली असती. मी थांबले, तशी आत्या म्हणाली, “पीठ जुनं असेल गं. विरी गेली, पिठाचा चिकटपणा गेला, की भाकरी तुटते. उकळतं पाणी घालून मळ.” आणि क्षणभराने आपणहून, “बहात्तरच्या दुष्काळात मिलोच्या भाकरी अशाच तुटायच्या.” मिलो म्हणजे तेव्हा रेशनवर मिळणारी परदेशी लाल ज्वारी.

४. त्यांच्या शेवटच्या शब्दाला धरून विचारा, आणि वस्तूबद्दल विचारा. ‘तेव्हा कसं वाटायचं?’ याला ‘वाईट वाटायचं’ एवढंच उत्तर मिळतं. मी विचारलं, “मिलो कुठून आणायचात?” मग रेशनच्या दुकानापुढची रांग आली, दुष्काळी कामावर खडी फोडायला जाणारी आजी आली, तिथे मिळणारा कोरडा खाऊ, सुकडी, आली. “सुकडी कशात आणायची आजी?” “पदरात. गाठ मारून.” त्या दिवशी आम्ही चाळीस मिनिटं बोललो.

५. त्यांची गोष्ट हिसकावू नका. ‘आमच्याकडे पण असंच…’ हे तोंडावर आलं तरी गिळा.

विषयच सुचत नसेल तर सगळ्यांनी भोगलेला एखादा दिवस काढा. मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या रात्री आपण कुठे अडकलो होतो ते आधी सांगा, मग त्यांचं विचारा. पुण्यातल्या जुन्या माणसांकडे १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर असतो. मात्र लातूर-धाराशिवकडच्या (तेव्हाचं उस्मानाबाद) माणसाशी ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाचा विषय आपण होऊन काढू नये, असं मला मनापासून वाटतं. त्यांनी काढला तर ऐकावं. बोलता बोलता थांबले तर आपणही थांबावं. लगेच धीर द्यायची घाई करू नये.

६. फोन ठेवल्यावर दोन-तीन शब्द टिपून ठेवा. मी कॅलेंडरच्या पानामागे लिहिते. त्या रविवारचे होते: मिलो, खडी, पदराची गाठ. पुढच्या रविवारी तिथूनच सुरुवात केली, “आत्या, आजी खडी फोडायला किती लांब जायची गं?”