कामात राम शोधायची माझी रीत

भाचा पुण्यात एका विमा कंपनीत आहे. दिवसभर स्क्रीनसमोर बसून दाव्यांचे कागद तपासायचे. जुळले तर पुढे, नाही जुळले तर मागे. दिवाळीत आला तेव्हा चकली मोडता मोडता म्हणाला, "आत्या, या कामात काही राम नाही."

मी चौतीस वर्षं तलाठी होते, माणदेशातल्या कोरडवाहू गावांत. माझंही काम तेच. जुळलं तर पुढे, नाही तर मागे. फरक इतकाच की स्क्रीनच्या जागी रुमालात बांधलेलं दप्तर होतं. पहिली सहा वर्षं मीही राम नाही म्हणूनच काढली. मग हळूहळू एक रीत बसत गेली. त्याला सांगितली, तीच इथे लिहिते. तलाठी म्हटलं की लोकांचा हात आधी खिशाकडे जातो, ठाऊक आहे मला. तरी वाचा.

आपला कागद कुठे जातो, ते एकदा पायी जाऊन बघा

त्या काळी सातबारा हाताने लिहायचा. दहा वर्षांनी वह्या भरल्या की नव्या वहीत सगळं उतरवून काढायचं, त्याला पुनर्लेखन म्हणत. एका गावाचे शेकडो गट, म्हणजे जमिनीचे नंबर. रात्री कंदील लावून मी उतरवत बसायचे आणि डोक्यात दुसऱ्या दिवशीच्या भाजीचा विचार असायचा.

१९९३च्या मे महिन्यात एक म्हातारी चावडीवर आली. गावच्या सहकारी सोसायटीचं पीककर्ज अडलं होतं. सातबाऱ्यावरचं नाव आणि रेशनकार्डावरचं नाव जुळत नाही, असं सेक्रेटरीने सांगितलेलं. तोवर तालुक्याला तिच्या तीन खेपा झाल्या होत्या. तिथे कोणी सांगितलं गावात विचारा, तर गावात कोणी सांगितलं तालुक्याला विचारा. मी वही उघडली. तिच्या नावातल्या पहिल्या 'ध'चा 'घ' झाला होता. अक्षर माझंच. डोक्यावरची रेघ ओढताना हात जरा लांब गेला होता, बस. जुनी वही काढून बघितली, त्यात स्वच्छ 'ध' होता.

म्हातारीला वाचता येत नव्हतं. तिने एवढंच विचारलं, "मग हे कोन म्हनायचं?" मी म्हटलं, "माझ्याकडून चुकलं, मावशी." तिने माझ्याकडे बघितलं आणि चंचीतून पान काढलं. बोलली काहीच नाही. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

लेखनातली चूक दुरुस्त करायला जमीन महसूल संहितेत कलम १५५ आहे, आदेश तहसीलदारांचा लागतो. मी तिचा अर्ज लिहिला, जुन्या वहीची नक्कल जोडली आणि कागद टपालात न टाकता तिच्यासोबत एसटीने तालुक्याला गेले. आवक-जावकच्या टेबलापासून सहीच्या टेबलापर्यंत आणि परत येऊन सोसायटीच्या खिडकीपर्यंत, माझ्या एका अक्षराच्या मागे मागे हिंडले. सोसायटीच्या पायरीवर माझ्या सज्जातलीच, म्हणजे माझ्याकडच्या गावांतलीच, आणखी पाच-सहा माणसं बसलेली दिसली. प्रत्येकाच्या हातात माझ्याच अक्षरातला उतारा होता. ते हात मी त्याआधी कधी बघितले नव्हते.

आपल्याकडे 'ध'चा 'मा' करणे म्हणतात. १७७३ साली नारायणराव पेशव्यांच्या खुनाच्या वेळी 'धरावे'चं 'मारावे' केलं गेलं, अशी आख्यायिका. कारकुनी अक्षराने काय होऊ शकतं हे सांगायला मराठीला दुसरं उदाहरण लागत नाही. माझा आपला 'ध'चा 'घ'. पण बाईचं बियाणं अडलंच की.

तेव्हा पहिलं काम हे करा. तुमच्या हातून रोज जाणाऱ्या कागदांपैकी कोणताही एक निवडा. कागद नसेल तर पार्सल, हिशेब, रिपोर्ट, जे असेल ते. सुट्टीच्या दिवशी तो शेवटच्या माणसापर्यंत कसा जातो ते बघून या. जाता येत नसेल तर पुढच्या टेबलावरच्याला विचारा, तो त्याच्या पुढच्याला विचारेल. भाचा म्हणाला, "आमच्याकडे ग्राहकाला भेटायला परवानगी नाही." म्हटलं, फोन घेणाऱ्या मुलीशेजारी अर्धा तास बसायला तरी आहे ना? आहे म्हणाला.

ज्याचं आहे त्याला वाचून दाखवा

त्या दिवसानंतर मी एक सवय लावून घेतली. नोंद लिहिली की समोरच्याला मोठ्याने वाचून दाखवायची आणि नाव त्याच्याकडून परत वदवून घ्यायचं. कोणी सांगितलं नव्हतं, कोणत्या परिपत्रकात नव्हतं. कोतवाल सुरुवातीला हसायचा, "बाई शाळा घ्यायला लागल्या."

याचा फायदा चुका टळण्यापुरता नाही. वारसनोंदीत बापाच्या नावाच्या जागी पाच मुलांची नावं लागतात, त्यात लग्न झालेल्या मुलीही असतात. भाऊ म्हणतो, "बहिणींचं राहू द्या, त्या सोडूनच देणार आहेत." सोडायचं असेल तर त्या कायदेशीर सोडतील; नोंदीत नाव लागणारच. ते नाव बहिणीच्या समोर वाचताना तिचा चेहरा बघा. एकीने मला तीनदा वाचायला लावलं होतं. जमीन वाट्याला किती? अडीच गुंठे, तीही खडकाळ.

तुमच्या कामात असं एक काहीतरी शोधा, जे कोणी मागत नाही आणि ज्याने काम कणभर नीट होतं. एकच. दहा ठरवलीत तर आठवड्यात सगळी सुटतील.

हत्याराचं मूळ विचारा

सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. सातात मालकी, बारात पीक. हे पाठ होतं. पण गुंठा म्हणजे काय हे मला नोकरीत येऊन चार वर्षं झाली तरी फक्त गणितात माहीत होतं. एकदा मोजणीदाराबरोबर उन्हात गेले तेव्हा त्याने साखळीचं टोक हातात दिलं. तेहेतीस फुटांची साखळी, तिचे सोळा भाग, एकेक भाग म्हणजे आणा. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद तुकडा म्हणजे गुंठा, १,०८९ चौरस फूट. असे चाळीस झाले की एकर. उताऱ्यावर हेक्टर-आर असतात, पण माणसं अजून गुंठ्यातच भांडतात. मी तो चौकोन चारी बाजूंनी चालले. त्यानंतर वहीत ०.०३ हेक्टर, म्हणजे तीनेक गुंठे, लिहिताना आकडा दिसेना. एक गोठा, बाजूचा उकिरडा आणि कडुनिंबाची सावली दिसायची.

तुमच्या फॉर्मातला सगळ्यात बिनकामाचा वाटणारा रकाना निवडा आणि तो का आला, हे ऑफिसातल्या जुन्या माणसाला विचारा. बहुतेक रकान्यांमागे कोणाची तरी झालेली फसवणूक असते. फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद, लिहिला की नोटीस काढून हरकतीसाठी १५ दिवस थांबावं लागतं. मला आधी ती नुसती दिरंगाई वाटायची. मग एका भावाने दुसऱ्याच्या अपरोक्ष आणलेला कागद तेराव्या दिवशी उघडा पडला. ते पंधरा दिवस मला पुन्हा कधी जास्त वाटले नाहीत.

संध्याकाळी एक ओळ लिहा

दोनशे पानी वही, दिवसाला एक ओळ. आज काय काय केलं हे लिहायचं नाही, ते सरकारी डायरीत असतंच. आज कोणाचं काम झालं, एवढंच. माझ्या वहीतल्या काही ओळी:

"विहिरीची नोंद लागली. पेढे आणले होते. एकच घेतला."

"गारपीट पंचनामा, डाळिंब दीड एकर. मालक काही बोलला नाही, तांब्या भरून पाणी दिलं."

"आज कोणाचंच नाही. दिवसभर तक्ते."

ती शेवटचीही लिहायची. खोटं लिहिलंत तर वही महिन्याभरात बंद पडेल. आणि मोठं काही लिहायच्या नादाला लागू नका, तांब्याभर पाणी पुरतं.

ज्यात राम नाही त्यात शोधू नका

हे कोणी सांगत नाही म्हणून मी सांगते. काही कामं खरोखर पोकळ असतात. तीच माहिती तीन नमुन्यांत, तीही "आजच, विशेष दूताबरोबर", आणि पुढे कोणी उघडूनही बघत नाही. असली कामं मी जेवणानंतरच्या सुस्तीत एका बैठकीत उरकायचे. सकाळची टवटवी त्यांना द्यायची नाही.

पण पोकळ कोणतं हे ठरवायची घाई करू नका. पैसेवारी, म्हणजे गावात रुपयाला किती पैसे पीक आलं याचा अंदाज, मला वर्षानुवर्षं तसलीच वाटायची. पीक कापणी प्रयोग करा, आखलेल्या तुकड्यातली बाजरी कापा, मळा, तोला, आकडे भरा. मग एका वर्षी गावाची अंतिम पैसेवारी पन्नासच्या आत, म्हणजे टंचाईत, आली आणि दहावीतल्या एका पोराने चावडीसमोर सायकल थांबवून विचारलं, "आता परीक्षेची फी माफ होनार ना?" तोलताना अंगाला कुसळं टोचली होती, त्यांचं तेव्हा काही वाटलं नाही. उपयोग दिसायला मला नऊ वर्षं लागली, इतकंच.

आणि एक. आपल्या भाषेत अर्थ या शब्दाचे दोन अर्थ आहेत, त्यातला दुसरा पगारपत्रकावर असतो. साहेब जर "हे नुसतं काम नाही, सेवा आहे" असं म्हणून रविवारी फुकट बोलवत असेल, तर त्याला पहिला अर्थ सांगून दुसरा वाचवायचा आहे. तिथे माझी रीत वापरू नका, तिथे रजेचा अर्ज वापरा. तसंच ज्या कामात रोज कोणाला तरी फसवावं लागतं, तिथे कितीही वह्या भरा, उपयोग नाही. दुसरी नोकरी बघा.

भाच्याने वही घेतली. पहिल्या आठवड्यात फोटो पाठवला: "मृत्यूच्या दाखल्यावर वडिलांचं नाव वेगळं होतं. मागे पाठवलं नाही. फोन करून विचारलं, गावाकडचं नाव होतं. दावा पुढे गेला." दुसऱ्या आठवड्यात दोन ओळी आल्या, त्यातली एक कँटीनच्या उपम्याबद्दल. तिसऱ्या आठवड्यात काहीच नाही. विचारलं तर म्हणाला, वही घरी राहिली.

मी काही बोलले नाही. माझ्या वहीत १९९७चा अख्खा जून कोरा आहे.