लिनक्स सुरू होताना ब्लूटूथ सेवा चालू न झाल्यास

साक्री किंवा यावल तालुक्यातील एखाद्या शाळेत लिनक्सच्या संगणकाला ब्लूटूथ स्पीकर जोडला जात नसेल, तर यंत्र उचलून धुळ्याला वा जळगावला नेण्यापूर्वी ब्लूटूथ सेवा (ब्लूटूथ सांभाळणारा, मागे चालणारा प्रोग्राम) सुरू होऊन कोसळली की ती सुरूच झाली नाही, एवढे आधी ठरवावे. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, आणि हे न पाहता संपूर्ण प्रणाली पुन्हा बसवण्यात दिवस वाया जातो.

टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, 'सिस्टमसीटीएल स्टेटस ब्लूटूथ' (systemctl status bluetooth) ही आज्ञा द्यावी. सेवा निष्क्रिय असून अट पूर्ण न झाल्याचा उल्लेख दिसला, तर ब्लूझेड या लिनक्सवर ब्लूटूथ चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला दोष देऊ नये. कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, बहुधा ब्लूटूथचे उपकरणच सापडलेले नसल्यामुळे सिस्टमडीने (सेवा सुरू-बंद करणाऱ्या प्रोग्रामने) सेवा जाणीवपूर्वक वगळलेली असते. अशा वेळी 'डीमेसेज' (dmesg) या आज्ञेने दिसणाऱ्या कर्नलच्या नोंदींत ब्लूटूथ आणि फर्मवेअर (चिप चालवणारे छोटे सॉफ्टवेअर) हे शब्द इंग्रजीत शोधावेत. फर्मवेअरची फाइल सापडली नाही असे लिहिलेले असल्यास, मोबाइलचे इंटरनेट यूएसबी केबलने संगणकाला देऊन आपल्या लिनक्स वितरणाचे (उदा. उबुंटूचे) फर्मवेअर पॅकेज बसवावे.

वीज वारंवार जाणाऱ्या गावांत आणखी एक उपाय आधी करून पाहण्यासारखा आहे. नुसत्या रीस्टार्टमध्ये ब्लूटूथ चिपचा वीजपुरवठा बहुधा तुटत नाही, त्यामुळे अडकलेली चिप तशीच अडकून राहते. म्हणून संगणक बंद करून प्लग काढावा, लॅपटॉप असल्यास चार्जर काढून शक्य तर बॅटरीही वेगळी करावी आणि मिनिटभराने तो पुन्हा सुरू करावा. त्याच यंत्रावर विंडोजही असेल, तर तिथले फास्ट स्टार्टअप (संगणक पूर्ण बंद न करता लवकर सुरू करण्याची सोय) बंद ठेवावे.

सेवा खरोखर कोसळली असेल, तर 'जर्नलसीटीएल -बी -यू ब्लूटूथ' (journalctl -b -u bluetooth) ही आज्ञा या वेळच्या बूटपासूनच्या, म्हणजे संगणक सुरू झाल्यापासूनच्या, नोंदी दाखवते. त्यांतील पहिली चूक वाचावी, कारण पुढच्या चुका बहुतेकदा तिचेच परिणाम असतात. सेवा मास्क केलेली, म्हणजे सुरूच होऊ नये अशी अडवलेली, आढळल्यास सिस्टमसीटीएलने अनमास्क (unmask) करून इनेबल (enable) करावी.

सेवा चालू असूनही ब्लूटूथ बंदच दिसत असेल, तर 'आरएफकिल लिस्ट' (rfkill list) या आज्ञेने ब्लूटूथ कुठे अडवले आहे का ते पाहावे. सॉफ्ट ब्लॉक, म्हणजे सॉफ्टवेअरने घातलेली अडवणूक, 'आरएफकिल अनब्लॉक ब्लूटूथ' (rfkill unblock bluetooth) या आज्ञेने निघतो. हार्ड ब्लॉक मात्र लॅपटॉपवरील बटणाने किंवा बायोसमधूनच (संगणकाच्या मूळ सेटिंगमधूनच) काढावा लागतो. प्रत्येक बूटनंतर अॅडॅप्टर हाताने चालू करावा लागत असल्यास ईटीसीमधील ब्लूटूथ फोल्डरात मेन डॉट कॉन्फ ही फाइल (/etc/bluetooth/main.conf) उघडून ऑटोइनेबल (AutoEnable) हा पर्याय ट्रू (true) करावा आणि सेवा रीस्टार्ट करावी.