केबल काढली तरी ड्रायव्हर बसूनच राहतो
निपाणी-खानापूरकडच्या दुकानात इलेक्ट्रॉनिक काटा यूएसबी-सिरीयल केबलने लिनक्सला जोडलाय? केबल खोचताच कर्नल (लिनक्सचा गाभा) तिची ओळख युडेव्हला (जोडलेली उपकरणं सांभाळणाऱ्या प्रोग्रामला) कळवतो आणि केबलमध्ये सीएच३४० किंवा सीएच३४१ चिप असेल, तर 'सीएच३४१' मॉड्यूल, म्हणजे तिचा ड्रायव्हर, आपोआप चढतं. काढल्यावर मात्र उतरत नाही. राहू द्या, मेमरी किरकोळच खातं.

काटा अडकला, तर आधी बिलिंगचा प्रोग्राम बंद करा. 'एलएसमॉड' (चढलेल्या मॉड्यूलची यादी दाखवणारी कमांड) चालवून सीएच३४१च्या ओळीत तिसऱ्या रकान्यात शून्य दिसलं की सुडो (अ‍ॅडमिनचा अधिकार) लावून 'मोडप्रोब -आर सीएच३४१' चालवा, केबल पुन्हा खोचा. 'आरएममॉड -एफ'ने मॉड्यूल जबरदस्तीने उतरवू नका, अख्खं मशीन लटकू शकतं. आपोआपच उतरवायचं असेल, तर युडेव्हच्या नियमात 'रिमूव्ह' (केबल काढल्याच्या) अ‍ॅक्शनला तीच 'मोडप्रोब'ची कमांड पूर्ण पाथसह लिहा. फक्त त्याच मशिनला तशीच दुसरी केबल असेल आणि तेव्हा वापरात नसेल, तर तीही बंद पडते.