पायथॉनच्या अधिकृत दस्तऐवजीकरणातील चूक दुरुस्त करताना

पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेच्या अधिकृत दस्तऐवजीकरणातील एखादे वाक्य तीनदा वाचूनही कळले नाही, तर आपलेच इंग्रजी कच्चे असेल असे समजून मराठी वाचक बहुधा पुढे जातो. माझ्या मते तिथेच थांबायला हवे. ज्याची इंग्रजी ही पहिली भाषा नाही, तो शब्दाला शब्द लावून अर्थ काढतो, आणि म्हणूनच वाक्यातील संदिग्धता त्याला आधी खटकते. ओघात वाचणारा माणूस तीच जागा स्वतःच्या अंदाजाने भरून काढतो आणि आपण अंदाज केला हेही त्याच्या लक्षात येत नाही. असे वाक्य सुधारण्याचा मार्ग सर्वांना खुला आहे, कारण हा सगळा मजकूर सीपायथॉनच्या (पायथॉनच्या मूळ अंमलबजावणीच्या) कोडसोबतच, गिटहब या संकेतस्थळावरील त्याच रिपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात), 'डॉक' नावाच्या फोल्डरमध्ये साध्या फायलींच्या रूपात ठेवलेला असतो.

पहिली गोष्ट म्हणजे आपण कोणत्या आवृत्तीचे पान वाचत आहोत हे पाहावे. शोधयंत्र पुष्कळदा जुन्या आवृत्तीच्या पानावर नेऊन सोडते. पानाच्या वरच्या बाजूच्या यादीतून सध्या विकसित होत असलेली आवृत्ती निवडावी आणि तेच वाक्य तिथे अजून आहे का ते तपासावे. त्यानंतर ते वाक्य ज्या फंक्शनबद्दल आहे त्याच्या नावाने गिटहबवर उघडे आणि बंद झालेले दोन्ही प्रकारचे इश्यू (नोंदवलेल्या तक्रारी व सूचना) शोधावेत. बंद झालेले इश्यू अधिक उपयोगी पडतात, कारण एखादे वाक्य मुद्दामच तसे का ठेवले आहे याची चर्चा तिथे सापडते. इश्यूंची नोंद २०२२ च्या एप्रिलमध्ये जुन्या बग ट्रॅकरवरून गिटहबवर आणली गेली, त्यामुळे जुन्या चर्चाही आता तिथेच मिळतात.

यानंतरचे काम सर्वांत महत्त्वाचे आहे आणि त्यातच सर्वाधिक घाई होते. दस्तऐवजीकरण एक सांगते आणि कोड दुसरेच करतो असे दिसले, तर चूक मजकुराची आहे की कोडची, हे आधी ठरवावे लागते. कोड चालवून पाहिल्याने तो आज काय करतो एवढेच कळते. त्याने काय करायला हवे हे कळत नाही. त्यासाठी तीन ठिकाणी पाहावे: त्या वैशिष्ट्याचा मूळ प्रस्ताव असल्यास तो पीईपी (पायथॉनमधील बदलाचा औपचारिक प्रस्ताव), ती ओळ कोणत्या बदलात आली याचा गिटमधील (बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनातील) इतिहास, आणि 'लिब' फोल्डरमधील चाचण्या. एखाद्या वर्तनासाठी चाचणी लिहिलेली असेल, तर ते हेतुपुरस्सर आहे असे सहसा धरता येते.

डिक्शनरीतील (किल्ली आणि मूल्य यांच्या जोड्या साठवणाऱ्या पायथॉनच्या रचनेतील) नोंदींच्या क्रमाचे उदाहरण इथे लक्षात ठेवण्यासारखे आहे. पायथॉन ३.६ मध्ये डिक्शनरीची अंतर्गत रचना बदलली आणि नोंदी ज्या क्रमाने घातल्या त्याच क्रमाने त्या मिळू लागल्या. परंतु हा केवळ त्या रचनेचा परिणाम आहे, त्यावर विसंबू नये, असे त्या वेळी स्पष्ट लिहिले होते. ३.७ पासून तीच गोष्ट भाषेची हमी झाली. ३.६ च्या काळात कोणी कोड चालवून 'क्रम कायम राहतो' असे वाक्य जोडले असते, तर निरीक्षण खरे असूनही दुरुस्ती चुकीची ठरली असती, कारण दस्तऐवजीकरणातील विधान हे सहसा वचन असते आणि पायपायसारख्या पायथॉनच्या इतर अंमलबजावण्यांनाही ते पाळावे लागते.

सत्य काय ते ठरले की वाक्याकडे वळावे. स्ट्रिंगच्या (मजकुराच्या) शेवटची चिन्हे काढणाऱ्या 'आरस्ट्रिप' या मेथडचा नमुना घेऊ. तिला दिलेला मजकूर हा प्रत्यय म्हणून काढला जातो असा समज फार सहज होतो. प्रत्यक्षात तो काढायच्या चिन्हांचा संच असतो. 'आनंद.नोंद' या नावातून '.नोंद' काढायला सांगितले, तर 'आनंद' उरेल असे वाटते. पण उरतो फक्त 'आ', कारण 'आनंद'मधील द, अनुस्वार आणि न ही तिन्ही चिन्हे त्या संचात आहेत. (अनुस्वार आणि मात्रा पायथॉनच्या लेखी स्वतंत्र चिन्हे असतात, ही गोष्ट देवनागरीत काम करणाऱ्याने कायम ध्यानात ठेवावी.) दस्तऐवजीकरणात आज असे म्हटले आहे की दिलेला मजकूर प्रत्यय नव्हे, तर त्यातील चिन्हांची कोणतीही जुळणी काढली जाते. विधान अचूक असले, तरी माझ्या मते गैरसमज खरा दूर होतो तो त्यासोबत दिलेल्या उदाहरणाने आणि ३.९ मध्ये आलेल्या, खरोखर प्रत्यय काढणाऱ्या 'रिमूव्हसफिक्स'कडे बोट दाखवणाऱ्या ओळीने. त्यामुळे स्पष्टीकरण लिहिताना आणखी एक विशेषण जोडण्यापेक्षा चुकीचा समज उघडा पाडणारे छोटे उदाहरण द्यावे, आणि वाचकाला जे हवे होते ते कुठे मिळेल हे सांगावे.

लाल चौकटीतल्या इशाऱ्यांचा मोह टाळावा. मेथड काय करते ते सरळ होकारार्थी सांगावे. धोक्याच्या सूचना वाढल्या की खरी गंभीर सूचनाही वाचली जात नाही. बदल शक्य तितका लहान ठेवावा. एक शब्द बदलताना संपूर्ण परिच्छेदाच्या ओळी नव्याने जुळवल्या, तर नेमके काय बदलले हे तपासणाऱ्याला दिसत नाही. शिवाय जपानी, फ्रेंच, कोरियन अशा भाषांतरांचे काम परिच्छेदनिहाय चालते, आणि मूळ शब्दरचना बदलली की ते भाषांतर कोणाला तरी पुन्हा तपासावे लागते.

फायली रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट या खुणांच्या पद्धतीने लिहिलेल्या असतात आणि स्फिंक्स हे साधन त्यांची पाने बनवते; स्फिंक्स मुळात पायथॉनच्या दस्तऐवजीकरणासाठीच तयार झाले. ओळीच्या सुरुवातीचा समास (इंडेंट) तीन स्पेसचा असतो. मार्कडाउनची सवय असलेल्यांनी एवढे सांभाळावे की इथे कोडसाठी दोन बॅकटिक लागतात, एक पुरत नाही. वर्तन एखाद्या आवृत्तीत बदलले असेल, तर ते वाक्यात गुंफू नये, त्यासाठी असलेला 'व्हर्जनचेंज्ड' हा निर्देश वापरावा. मग 'डॉक' फोल्डरमध्ये 'मेक एचटीएमएल' चालवून पान डोळ्यांनी पाहावे आणि 'मेक चेक'ने मांडणीतील चुका तपासाव्यात.

केवळ शुद्धलेखनाची चूक असेल, तर इश्यू न उघडता थेट पुल रिक्वेस्ट (बदल स्वीकारण्याची विनंती) पाठवली तरी चालते. अर्थ बदलणारी दुरुस्ती असेल, तर आधी इश्यूत सध्याचे वाक्य, त्यातून होणारा गैरसमज आणि तो सिद्ध करणारा दोन ओळींचा कोड द्यावा. पहिल्या वेळी योगदानकर्त्याच्या परवान्याचा करार मान्य करावा लागतो. गिटहबवरील बॉट (स्वयंचलित प्रोग्राम) त्याची आठवण करून देतो. तपासणी सुरू झाल्यावर जुने कमिट (बदलांच्या नोंदी) पुसून नव्याने ढकलू नयेत, नवे कमिट जोडत जावे, कारण शेवटी सारे एकत्र करूनच घेतले जाते. तपासणारे बहुतेक जण स्वयंसेवक असतात. काही आठवडे उत्तर आले नाही, तर एकदा सौजन्याने विचारावे, आणि त्यांनी सुचवलेला शब्द आपल्यापेक्षा बरा असेल तर तो मोकळेपणाने घ्यावा.

दुरुस्ती मुख्य शाखेत गेली की दोष-दुरुस्ती मिळत असलेल्या चालू आवृत्त्यांतही ती नेली जाते. केवळ सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणाऱ्या जुन्या आवृत्त्यांची पाने मात्र तशीच राहतात. 'हेल्प' या फंक्शनने एखाद्या मेथडबद्दल दिसणारा मजकूर या फायलींतून येत नाही. तो कोडमधील डॉकस्ट्रिंगमध्ये (कोडसोबतच लिहिलेल्या वर्णनात) वेगळा लिहिलेला असतो, त्यामुळे पानावर सुधारलेला गैरसमज तिथेही आहे का ते पाहावे. मेथड सीमध्ये लिहिलेली असेल आणि तिची डॉकस्ट्रिंग आर्ग्युमेंट क्लिनिक या सीपायथॉनच्या कोड तयार करणाऱ्या साधनातून तयार होत असेल, तर तयार झालेल्या फाइलला हात न लावता मूळ सी फाइलमधील वर्णन बदलावे आणि 'मेक क्लिनिक' पुन्हा चालवावे.