डिंपल किल्लीचा सिलिंडर घेताना काय पाहाल?

डिंपल किल्ली म्हणजे कडेला दात नसून सपाट बाजूंवर खळगे असलेली किल्ली, आणि सिलिंडर म्हणजे कुलपाचा, ती घालून फिरवायचा भाग. खोक्यावरच्या ‘हाय सिक्युरिटी’ या शब्दांवर जाऊ नका, ते कुणीही छापू शकतं. ‘ईएन १३०३’ या युरोपीय मानकाचा कोड विचारा. त्यात आठ खाने असतात. सातवा किल्लीच्या सुरक्षेचा, १ ते ६. सर्वात वरच्या श्रेणीला किमान १,००,००० वेगवेगळ्या किल्ल्या शक्य असाव्या लागतात. आठवा खाना ड्रिल, छिन्नी, पिळणं, उपटणं यांना सिलिंडर किती दाद देत नाही ते सांगतो: ०, मग ए ते डी. सातव्यात ६ पण आठव्यात ० असेल, तर मी तो मुख्य दाराला लावणार नाही.

किल्लीवरचे खळगे मोजून भुलू नका. किल्ली कशीही घातली तरी चालावी म्हणून अनेकदा दोन्ही बाजूंना तेच खळगे असतात. म्हणून सिलिंडरच्या आतल्या, खळग्यांशी जुळणाऱ्या पिना दुप्पट नसतात. किल्लीत हलणारा छोटा भाग किंवा सिलिंडरमध्ये वेगळी साइडबार (पिनांखेरीज कुलूप अडवणारी आडवी पट्टी) असेल तर ती खरी जमेची बाजू.

सर्वात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे लांबी. युरो सिलिंडर (दाराच्या आरपार बसणारा, मधल्या एका स्क्रूने धरलेला नेहमीचा प्रकार) त्या स्क्रूच्या भोकापाशी सर्वात कमकुवत असतो आणि बाहेर आलेलं टोक पकडून तिथेच मोडला जातो. म्हणून दाराची जाडी हँडलच्या प्लेटसह मोजूनच दुकानात जा. बाहेरच्या बाजूला तो प्लेटपुढे ३ मिलिमीटरहून जास्त येऊ देऊ नका.

किल्लीची नक्कल सिलिंडरसोबतचं मालकीचं कार्ड दाखवल्याशिवाय मिळते का, हेही पैसे देण्याआधी विचारा.