लंडनला निघण्याआधी: पैसा कुठे ओतायचा, कुठे आवरायचा

लंडन महाग आहे हे सगळेच सांगतात. नेमकं कुठे महाग आहे हे फार थोडे सांगतात. तिथली मोठी संग्रहालयं फुकट, बागा फुकट, नळाचं पाणी पिण्याजोगं आणि फुकट. पैसा खातात त्या तीनच गोष्टी: रात्रीची खोली, ऐन वेळी काढलेली तिकिटं आणि घाई. म्हणून सगळी तयारी या तिघांभोवती करायची.

सुरुवात अर्थात व्हिसापासून. ब्रिटन शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात नाही, त्यामुळे युरोपच्या सहलीला जोडून लंडन करणार असाल तर दोन वेगळे व्हिसा लागतील. प्रवासाच्या जास्तीत जास्त तीन महिने आधी अर्ज करता येतो. बोटांचे ठसे दिल्यावर निर्णयाला साधारण तीन आठवडे धरा, पण मे-जूनच्या गर्दीत त्यावर हवाला ठेवू नका. सहा महिन्यांच्या व्हिसाची फी एप्रिल २०२५ मध्ये १२७ पौंड झाली. ती वाढतच असते, म्हणून आकडा सरकारी संकेतस्थळावरच बघा आणि अर्जही तिथूनच भरा. ठसे द्यायला गेल्यावर एसएमएस, कुरिअर, खास लाउंज अशा सेवा पुढे केल्या जातात. त्या ऐच्छिक असतात. ‘नको’ म्हटल्याने व्हिसा अडत नाही. बँकेच्या खात्यात मात्र अर्जाच्या आदल्या आठवड्यात मामांकडून चार लाख आणून टाकू नका. अचानक आलेली रक्कम मदत करण्याऐवजी प्रश्न उभे करते. विमानाचं तिकीट व्हिसा आल्यावर काढलं तरी चालतं. आणि अमेरिकन पासपोर्टवाला भाऊ तिथे भेटणार असेल तर त्याला सांगून ठेवा की २०२५ पासून त्यालाही आधी ईटीए नावाची ऑनलाइन परवानगी काढावी लागते.

खोलीवर सगळ्यात जास्त विचार करा, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथेच जातात. साध्या साखळी हॉटेलातही उन्हाळ्यात रात्रीला शंभर-दीडशे पौंड सहज लागतात. स्वस्त म्हणून शहराच्या पार टोकाला खोली घेतली तर रोजचे दोन तास आणि भाडं, दोन्ही जातं. अगदी मध्यात घेतली तर त्याच पैशात कपाटाएवढी खोली मिळते. वाहतुकीच्या भाड्यासाठी लंडन मध्यापासून बाहेर झोनमध्ये वाटलेलं आहे. माझ्या मते दुसरा झोन उत्तम, आणि त्यातही ट्यूबच्या, म्हणजे भुयारी रेल्वेच्या, स्टेशनपासून चालत सात-आठ मिनिटांच्या आत. हॅमरस्मिथ किंवा अर्ल्स कोर्ट घेतलं तर हीथ्रो विमानतळाहून ट्यूबच्या पिकॅडिली लाईनने गाडी न बदलता पोचता. प्रीमियर इन, ट्रॅव्हलॉज अशा साखळ्यांचे दर जितक्या लवकर बघाल तितके कमी, आणि रविवारची रात्र बहुधा सगळ्यात स्वस्त. उन्हाळ्याच्या सुट्टीत विद्यापीठांच्या वसतिगृहांतल्या रिकाम्या खोल्याही भाड्याने मिळतात. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या काही तर अगदी मोक्याच्या जागी आहेत. पॅडिंग्टन-बेजवॉटरच्या बाजूच्या जुन्या घरांची जी हॉटेलं केली आहेत, तिथे लिफ्ट आहे का हे आधी विचारा. आई-बाबा बरोबर असतील तर हा प्रश्न नाश्त्यापेक्षा महत्त्वाचा. स्टेशनांचंही तसंच: जेमतेम एक-तृतीयांश ट्यूब स्टेशनांवर पायऱ्या न चढता ये-जा करता येते. कॉव्हेंट गार्डनला लिफ्टची रांग बघून जिन्याकडे वळलात तर १९३ पायऱ्या आहेत.

भाचा स्लावला किंवा हाउन्स्लोला राहतो, त्याच्याकडे उतरायचं असेल तर फारच छान. पण त्याचं घर ते मध्य लंडनमधलं वेस्टमिन्स्टर रोज किती वेळ आणि किती भाडं, याचा हिशेब मांडा. दोन-तीन रात्री त्याच्याकडे आणि उरलेल्या शहरात, ही वाटणी दोन्ही बाजूंना सुखाची पडते.

तिकिटांची यादी करताना एक नियम पाळा: दिवसाला एकच पैसे देऊन बघायची जागा. टॉवर ऑफ लंडन महाग आहे पण पैसे वसूल होतात. कोहिनूर तिथेच आहे आणि बघायला अर्धा दिवस लागतो. वेस्टमिन्स्टर अॅबी या चर्चचं तिकीट ३० पौंडांच्या घरात जातं; वास्तू आतून अनुभवायची असेल तर संध्याकाळच्या प्रार्थनेला जा, तिला पैसे नाहीत. अर्थात तिथे भाविकांसारखं बसायचं, फोटो काढत फिरायचं नाही. लंडन आय या मोठ्या पाळण्यावर मी पैसे घालणार नाही. उंचावरून शहर बघायचं तर स्काय गार्डन आणि होरायझन २२ ही उंच इमारतींच्या माथ्यावरची ठिकाणं दोन्ही फुकट आहेत, फक्त वेळ आधी ऑनलाइन राखून ठेवावी लागते. स्काय गार्डनच्या वेळा साधारण तीन आठवडे आधी खुल्या होतात आणि भराभर संपतात, म्हणून मोबाइलवर आठवण लावून ठेवा. तेही जमलं नाही तर प्रिमरोज हिल किंवा ग्रिनिच पार्कची टेकडी आहेच. मेणाच्या पुतळ्यांसाठी लोणावळा पुरे. नाटकाची हौस असेल तर लेस्टर स्क्वेअरच्या टीकेटीएस खिडकीवर त्याच दिवसाची तिकिटं सवलतीत मिळतात.

ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, सायन्स म्युझियम, टेट मॉडर्न यांचा कायमचा संग्रह बघायला पैसे लागत नाहीत. दारातली देणगीपेटी ऐच्छिक आहे. ब्रिटिश म्युझियममध्ये अमरावतीच्या स्तूपाची शिल्पं चुकवू नका. व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये टिपूचा वाघ बघायला मिळेल. मात्र वाघनखांसाठी तिथे जाणार असाल तर थांबा: ती जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांच्या कराराने महाराष्ट्रात आली आणि आधी साताऱ्याच्या संग्रहालयात मांडली गेली. ती महाराजांचीच होती याची खात्री देता येत नाही, असंही ते म्युझियम स्वतःच सांगतं.

आपल्या माणसांच्या खुणा यादीत जरूर घाला, एरवी कुठल्याच पॅकेज टूरमध्ये त्या नसतात. प्रिमरोज हिलजवळ १०, किंग हेन्रीज रोड हे डॉ. आंबेडकर १९२१-२२ मध्ये जिथे राहिले ते घर. महाराष्ट्र सरकारने ते विकत घेऊन तिथे स्मारक केलं आहे. चॉक फार्म स्टेशनवरून चालत जाता येतं, पण उघडण्याचे दिवस आणि वेळ बघून निघा. मेडा व्हेलमध्ये १०, हाउली प्लेसवर लोकमान्य टिळकांच्या १९१८-१९ मधल्या वास्तव्याची निळी पाटी आहे, आणि हायगेटला ६५, क्रॉमवेल अॅव्हेन्यूवर, म्हणजे तेव्हाच्या इंडिया हाउस या भारतीय विद्यार्थ्यांच्या वसतिगृहावर, सावरकरांची. ही दोन्ही खाजगी घरं आहेत. पाटी रस्त्यावरून वाचायची, बेल वाजवायची नाही. गणपतीत जाणार असाल तर डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळ आहे, १९३२ पासूनचं.

पैशांचं सोपं आहे, पण ते घरूनच करून निघा. कार्डावर परदेशी व्यवहार आणि टॅप करून पैसे देणं, दोन्ही बँकेच्या अॅपमध्ये सुरू करा. आपल्याकडची कार्डं मुळात फक्त देशांतर्गत वापरासाठी उघडी असतात. परकीय चलनावर बँक किती टक्के लावते ते विचारा आणि फॉरेक्स कार्डाशी (आधीच परकीय चलन भरून ठेवायचं कार्ड) ताडून बघा. दुकानात यंत्राने ‘रुपयांत की पौंडांत’ असं विचारलं तर नेहमी पौंड. रोख थोडीच ठेवा, कित्येक दुकानं नोटा घेतच नाहीत. काकांनी जुन्या दौऱ्यातून जपून ठेवलेल्या कागदी नोटा आता कुठल्याच दुकानात चालत नाहीत, त्या बँक ऑफ इंग्लंडमध्ये बदलून मिळतात.

बस आणि ट्यूबसाठी वेगळा पास काढायची गरज सहसा पडत नाही. टॅप होणारं कार्ड पुरतं, आणि दिवसाच्या भाड्याला कमाल मर्यादा असते. फक्त प्रत्येकाचं कार्ड वेगळं हवं, आणि सकाळी जे वापरलं तेच रात्रीपर्यंत. तेच कार्ड फोनमधून टॅप केलं की यंत्र त्याला दुसरं समजतं आणि मर्यादा पुन्हा शून्यापासून मोजते. बसमध्ये रोख घेत नाहीत, आणि तासाभरात बस बदललीत तर पुढचं भाडं नाही. अकरा वर्षांखालची मुलं मोठ्यांबरोबर फुकट. अकरा ते पंधरा वयाच्या मुलांसाठी ऑयस्टर कार्ड (पैसे भरून वापरायचं प्रवासाचं कार्ड) घ्या आणि स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याकडून त्यावर ‘यंग व्हिजिटर’ सवलत लावून घ्या; भाडं निम्मं होतं. हीथ्रोहून शहरात यायला २०२५ मध्ये पिकॅडिली लाईनला साधारण सहा पौंड लागत, एलिझाबेथ लाईनला चौदाच्या आसपास, हीथ्रो एक्सप्रेसला पंचवीस. एक्सप्रेस पंधरा मिनिटांत पॅडिंग्टनला नेते खरी, पण तिथून पुढे तुम्हाला जायचं असतंच.

बॅगेत तीन चपट्या पिनांचा अॅडॉप्टर, पावसाचं जॅकेट आणि पायाला सरावलेले बूट. नवे बूट नकोत. खाऊमध्ये चिवडा, चकली, भडंग, थेपले चालतात. पेढे, बर्फी, तूप असे दुधाचे पदार्थ भारतातून न्यायला बंदी आहे, आणि भाच्याच्या बायकोने मागितला तरी ताजा कढीपत्ता नाही. औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. प्रवास विमा काढाच, कारण रुग्णालयात भरती व्हायची वेळ आली तर पर्यटकाला बिल भरावं लागतं.

दुपारचं जेवण सुपरमार्केटमधल्या ‘मील डील’वर भागवा: सँडविच, काहीतरी खायला आणि पेय, चार-पाच पौंडांत. शाकाहारी पर्याय नेहमी असतो. पोळीभाजीची आठवण झालीच तर वेम्बलीचा ईलिंग रोड किंवा युस्टनजवळची ड्रमंड स्ट्रीट. रेस्टॉरंटच्या बिलात साडेबारा टक्के सेवाशुल्क बहुधा आधीच धरलेलं असतं. वर टिप ठेवू नका. रस्त्यावर फोन हातात धरून नकाशा बघत उभं राहू नका, ई-बाइकवरून हिसकावून नेतात. भिंतीकडे वळून बघा. वेस्टमिन्स्टर पुलावर वाट्यांखाली चेंडू लपवण्याचा खेळ चालतो, त्यात जिंकणारे सगळे त्यांचेच. दिव्यांनी सजवलेल्या सायकलरिक्षात भाडं पक्कं ठरवल्याशिवाय बसू नका. मी तर म्हणेन, बसूच नका.

खरेदीवरचा व्हॅट, म्हणजे विक्रीवरचा कर, विमानतळावर परत मिळतो, हे जुनं झालं. लंडनमधून सामान सोबत आणणाऱ्यांसाठी ती सोय १ जानेवारी २०२१ पासून बंद आहे. परतीचं विमान शनिवारी-रविवारी असेल तर ट्यूबच्या कोणत्या लाईनवर काम चालू आहे ते आदल्या रात्री बघून ठेवा, आणि दुसरा रस्ता लिहून खिशात ठेवा.